इथेनॉल, ऊसतोडणी कामगार आणि इंधनाचा हिशेब

ऊर्जाधोरण हा विषय आपल्या चळवळीच्या व्यासपीठावर फारसा येत नाही. आरक्षण, शिष्यवृत्ती, अत्याचार, जमीन, साहित्य हे आपले नेहमीचे विषय. तेल, कोळसा, वीज, इथेनॉल हे इंजिनियरांचे, कारखानदारांचे आणि दिल्लीतल्या अधिकाऱ्यांचे विषय, अशी आपलीही समजूत होऊन बसली आहे. ही समजूत दोन कारणांनी चुकीची आहे. इंधन एकतर जमिनीच्या पोटातून निघते, नाहीतर शेतातून येते. दोन्ही ठिकाणी ते काढणारे हात बहुतेक करून भूमिहीनांचे असतात, हे पहिले कारण. आणि या देशाच्या विजेच्या धोरणाचा पाया घालणाऱ्यांत स्वतः बाबासाहेब होते, हे दुसरे. प्रस्तुत लेखात मी या विषयाचा एकच तुकडा घेतो आहे : पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे इथेनॉल. ते कसे तयार होते, त्याचा भाव कोण ठरवतो, त्या भावातून कोणाला काय मिळते आणि ऊस तोडणाराला त्यात कुठे जागा आहे, एवढेच मला तपासायचे आहे.

मी दौंड तालुक्यातल्या पाटसचा. आमच्या घरातला पहिला पदवीधर. आई दुसऱ्याच्या उसात खुरपायला जायची, वडील रात्री-अपरात्री दारे धरायला. आता मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. हे सांगण्याचे कारण एवढेच की ऊस हा माझ्यासाठी पुस्तकातला विषय नाही. पुणे-सोलापूर रस्त्याने पाटस ओलांडताना दोन्ही अंगांना ऊस दिसतो. खडकवासल्याच्या कालव्याने आणि भीमा-मुळामुठेच्या पाण्याने हा पट्टा उसाचा केला. पाटसला भीमा सहकारी साखर कारखाना आहे. तो काही हंगाम बंद पडला होता. २०२२ साली कर्नाटकातल्या निराणी समूहाने तो भाड्याने चालवायला घेतला. शिवाय तालुक्यात आलेगाव, यवत, पाटेठाण येथे खाजगी कारखाने आहेत आणि गुऱ्हाळे तर गावोगाव. गुऱ्हाळाच्या चुलाणात पूर्वी उसाचेच चिपाड जळायचे. अलीकडे काही गुऱ्हाळांत प्लास्टिक, जुन्या चपला आणि टायरचे तुकडे जाळले जातात म्हणून तक्रारी होत आल्या आहेत. म्हणजे एकाच तालुक्यात उसापासून ‘स्वच्छ’ इंधन करण्याची भाषा चालते आणि त्याच उसाचा रस आटवायला तेलापासून बनलेला कचरा जाळला जातो. स्वच्छ काय आणि अस्वच्छ काय, हे नुसत्या नावावरून ठरत नाही, हे सांगायला एवढे उदाहरण पुरे आहे.

इथेनॉल म्हणजे काय?

इथेनॉल म्हणजे अल्कोहोल. साखर, मका, तांदूळ अशा गोड वा पिठूळ पदार्थांचे किण्वन करून, म्हणजे ते आंबवून आणि मग ऊर्ध्वपातन करून ते मिळते. कारखान्यात ऊस गव्हाणीत पडतो, चरकांत चिरडला जातो, रस एकीकडे जातो आणि चोथा, ज्याला आपण बगॅस म्हणतो, दुसरीकडे. उसाच्या वजनाच्या साधारण तीस टक्के बगॅस निघतो. तो बॉयलरमध्ये जाळून कारखाना स्वतःची वाफ आणि वीज तयार करतो आणि उरलेली वीज विकतो. रस आटवून साखरेचे दाणे काढले की शेवटी काळी, घट्ट मळी उरते. पूर्वी या शेवटच्या मळीपासूनच अल्कोहोल निघे. तिला आज ‘सी-हेवी’ मळी म्हणतात. साखर पुरती न काढता मधल्याच टप्प्यावर मळी बाजूला काढली तर ती ‘बी-हेवी’. तिच्यात साखर जास्त राहते, म्हणून इथेनॉलही जास्त मिळते. तिसरा मार्ग म्हणजे साखर करायचीच नाही, रस वा पाक थेट आंबवायचा. एक टन उसाच्या रसातून या मार्गाने साधारण ७० लिटर इथेनॉल मिळते. सी-हेवीच्या मार्गाने एका टनामागे सुमारे शंभर किलो साखर आणि जेमतेम अकरा लिटर इथेनॉल हाती येते.

याला स्वच्छ का म्हणतात? पेट्रोल जाळले की लाखो वर्षे जमिनीत गाडलेला कर्ब हवेत जातो. इथेनॉल जाळल्यावर जो कर्ब बाहेर पडतो तो उसाने वाढताना हवेतूनच घेतलेला असतो. युक्तिवाद बरोबर आहे, पण अर्धा. उसाला घातला जाणारा युरिया नैसर्गिक वायूपासून बनतो. विहिरीवरची मोटर बहुतांशी कोळशाच्या विजेवर चालते. ऊस ओढणारा ट्रॅक्टर डिझेल पितो. पाण्याचा हिशेब आणखी जड आहे : नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच एक लिटर उसाच्या इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागते असे म्हटले आहे. बीड, आष्टी, पाटोद्याचा माणूस गावात पाणी नाही म्हणून आमच्या भागात येतो आणि इथे पाण्याच्या जोरावर वाढलेला ऊस तोडतो. हा पाण्याचाही वर्णभेद आहे, असे मला वाटते.

धोरणाची वाटचाल

या धोरणाची सुरुवात महाराष्ट्राशी जोडलेली आहे. २००१ साली पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे जे पहिले प्रयोग झाले, त्यांतले दोन मिरज आणि मनमाड येथे झाले. तिसरा उत्तर प्रदेशात. २००३ पासून काही राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झाले. पण दहा वर्षे ते रखडत राहिले. २०१३-१४ मध्ये देशातले मिश्रण दीड टक्क्याच्या आसपास होते. २०१८ चे राष्ट्रीय जैवइंधन धोरण आले, बी-हेवी मळीला आणि रसाला वेगळे, वाढीव भाव मिळाले, आसवन्या उभारायला व्याजात सवलत मिळाली आणि चित्र पालटले. २०२२ मध्ये दहा टक्क्यांचा टप्पा गाठला गेला. वीस टक्क्यांचे उद्दिष्ट आधी २०३० चे होते. ते अलीकडे ओढले गेले आणि २०२५ मध्ये पुरेही झाले. आज पंपावर जे पेट्रोल आपण गाडीत भरतो त्यात सर्वसाधारणपणे पाचवा हिस्सा इथेनॉलचा असतो. देश आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल बाहेरून आणतो, हे लक्षात घेतले तर सरकारची घाई समजण्यासारखी आहे.

मात्र या धोरणाला स्थिर पाया नाही. २०२३ चा पावसाळा कमी झाला, साखर महाग होईल अशी भीती वाटू लागली, निवडणुका समोर होत्या. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली. आठवड्याभरातच ती सैल करून १७ लाख टन साखरेएवढ्या मर्यादेत परवानगी दिली. आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये पुढच्या हंगामासाठी बंधने उठवली. दरम्यान मक्याने उसाला मागे टाकले. देशात आता अधिक इथेनॉल धान्यापासून होते. म्हणजे खायच्या धान्याने गाडी चालवायची का, हा प्रश्नही उभा आहेच. तो मी इथे बाजूला ठेवतो. मला या चढउतारात एक गोष्ट सांगायची आहे. बंदी आली तेव्हा कारखानदारांनी कर्जाचा प्रश्न मांडला, शेतकरी संघटनांनी भावाचा, तेल कंपन्यांनी पुरवठ्याचा. प्रत्येकाला बोलायला जागा होती. ऊस तोडणारे त्या वेळी फडातच होते. या निर्णयाने त्यांचे काय होईल, असे त्यांना कोणी विचारल्याचे मला आठवत नाही.

भावात कोण बसतो?

आता मुद्द्याचा हिशेब. इथेनॉलचा भाव बाजार ठरवत नाही. केंद्र सरकार ठरवते. रसापासूनच्या इथेनॉलला लिटरला ६५ रुपये ६१ पैसे, बी-हेवीला ६० रुपये ७३ पैसे हे दर २०२२-२३ पासून तेच राहिले. सी-हेवीचा दर २०२४-२५ साठी ५७ रुपये ९७ पैसे केला गेला. उसाचा किमान भाव, ज्याला एफआरपी म्हणतात, तोही केंद्रच ठरवते. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला तो टनाला ३,५५० रुपये आहे. महाराष्ट्रात मात्र तोडणी आणि वाहतूक कारखाना करतो आणि तिचा खर्च शेतकऱ्याच्या एफआरपीतून कापून घेतो.

हे वाक्य विद्यार्थ्यांनी पुन्हा एकदा वाचावे. तोडणीची मजुरी ही शेतकऱ्याच्या भावातून होणारी ‘कपात’ आहे. तिचे नावच कपात. त्यामुळे मजुरी वाढवा म्हटले की शेतकऱ्याला वाटते, माझ्या खिशातून जाणार. कारखाना आणि तेल कंपनी बाजूला उभी राहते आणि दोन कष्टकरी समोरासमोर येतात. शेतकऱ्याला उपपदार्थांच्या उत्पन्नात वाटा मिळावा म्हणून २०१३ साली महाराष्ट्राने ऊस दर विनियमनाचा कायदा केला. साखर आणि मळी, बगॅस यांसारख्या उपपदार्थांच्या उत्पन्नाचा सत्तर टक्के हिस्सा शेतकऱ्याचा, असे त्याचे सूत्र आहे. सूत्र किती पाळले जाते हा वादाचा विषय. पण सूत्र आहे आणि त्यासाठीच्या मंडळावर शेतकऱ्यांचे व कारखान्यांचे प्रतिनिधी आहेत. ऊस तोडणाराचा प्रतिनिधी त्या मंडळावर नाही आणि त्याच्यासाठी असे कोणतेही सूत्र नाही.

मग त्याला काय मिळते? जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि कामगार संघटनांत करार झाला. मजुरीत ३४ टक्के वाढ झाली आणि टनाला सुमारे २७३ रुपयांवरून दर ३६६ रुपयांच्या घरात आला. एक कोयता, म्हणजे नवरा-बायको मिळून, दिवसाकाठी दीड-दोन टन ऊस तोडतात, साळतात, मोळ्या बांधतात, डोक्यावरून वाहून गाडी भरतात. दोन टन झाला तर ७३२ रुपये, माणशी ३६६. पहाटे चारला सुरू झालेला हा दिवस कधी रात्री गाडी भरूनच संपतो. त्यातून उचल फिटवायची, खाडा झाला तर मुकादमाकडे दंड भरायचा.

आता दोन आकडे शेजारी ठेवू. एक टन उसाचा रस थेट इथेनॉलला गेला तर ७० लिटरचे, ६५ रुपये ६१ पैशांच्या दराने, जवळजवळ ४,५९० रुपये होतात. त्यात कोयत्याचे ३६६ म्हणजे आठ टक्के. लिटरमागे सव्वापाच रुपये. कारखान्याला इतर खर्च आहेत, कर्ज आहे, हे मान्य. पण समजा, लिटरमागे फक्त एक रुपया तोडणाराच्या नावाने वाढवला, तर टनामागे ७० रुपये होतात. ३६६ वर ७० म्हणजे १९ टक्के वाढ. आणि ग्राहकावर बोजा किती? पेट्रोलच्या एका लिटरात इथेनॉल पाव लिटरपेक्षाही कमी, २०० मिली. म्हणजे लिटरमागे वीस पैसे. शंभर रुपयांचे पेट्रोल भरणाऱ्या गरिबालाही तेवढे जाणवणार नाही. एवढ्या वीस पैशांची जागा या धोरणात आजवर सापडलेली नाही. गणित अवघड असल्यामुळे ती सापडलेली नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. ते मांडणाराला बैठकीत खुर्चीच नाही, एवढेच त्याचे कारण.

कोयता नावाचा माणूस

भाषा बघा. ‘किती कोयते आले?’ असे आमच्याकडे विचारतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. माणसाला अवजाराचे नाव देण्याची ही रीत आपल्याला नवी नाही. आपल्या बापजाद्यांना कामाच्याच नावाने हाक मारली जात होती. पण या शब्दात आणखी एक गोष्ट लपलेली आहे : बाईची मजुरी. जोडप्याचा एकच दर, एकच खाते, उचल नवऱ्याच्या नावे. बाई मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीवर चढते, पण हिशेबाच्या वहीत ती नाही. दिवस भरत आलेली बाई फडात असते. पाळीच्या दिवसांत खाडा नको म्हणून गर्भाशयच काढून टाकण्याचा प्रकार बीड जिल्ह्यात इतका पसरला की २०१९ मध्ये सरकारला डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. पाहणीत ८२,३०९ ऊसतोडणी महिलांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. सहा जणींत एक. जैवइंधनाच्या अहवालात वाचलेल्या कर्बाचे टन मोजलेले असतात. या तेरा हजार बायांचा आकडा त्या अहवालाच्या कुठल्या रकान्यात लिहायचा?

हे कामगार कोण? बीड, अहिल्यानगर, जालना, धाराशिव, परभणीकडचे वंजारी, बौद्ध, मातंग, चर्मकार, बंजारा, भिल्ल आणि कोरडवाहू मराठाही. म्हणजे हा केवळ एका जातीचा प्रश्न नाही. पण ज्यांच्याकडे जमीन नाही वा जमिनीला पाणी नाही त्यांचा तो आहे, आणि महाराष्ट्रात जमीन कोणाकडे नाही हे जातीवरून बव्हंशी सांगता येते. सहकारी साखर कारखानदारी १९५० साली प्रवरानगरला सुरू झाली. तिने खेडी बदलली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण सभासद व्हायचे तर ऊस हवा, उसाला जमीन हवी. त्यामुळे सहकाराच्या वर्तुळाबाहेर भूमिहीन पहिल्याच दिवशी राहिला. इथेनॉलने त्याच वर्तुळात आणखी एक मजला चढवला आहे.

सरकारने काहीच केले नाही असेही नाही. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनाला १० रुपये आणि तेवढेच राज्याकडून घेण्याचे ठरले. २०२१ मध्ये मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहांची योजना आली. वर्षाला दहा कोटी टन गाळप धरले तर टनामागे २० रुपयांनी २०० कोटी होतात. ही लहान रक्कम नाही. पण हा पैसा कल्याणाचा आहे, मजुरीचा नाही. आणि तो ऊस गाळण्याशी जोडलेला आहे, इंधनाच्या भावाशी नाही. इथेनॉलचा भाव वाढला तरी महामंडळाचा निधी वाढत नाही.

कोळशाचा धडा

इंधनावरच कामगाराचा वाटा बसवायचा, ही कल्पना माझी नाही. ती या देशात ऐंशी वर्षांपूर्वी अमलात आली आणि ती आणणारे बाबासाहेब होते. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. पाटबंधारे आणि वीज ही खातीही त्यांच्याकडेच होती. कार्यकर्त्यांना मजूरमंत्री बाबासाहेब माहीत असतात. वीजमंत्री बाबासाहेब फार थोड्यांना. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी दिल्लीत सार्वजनिक बांधकाम व वीज यांच्या धोरण समितीपुढे त्यांनी केलेले भाषण प्रत्येक अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने वाचावे. वीज खाजगी मालकीची असावी की सरकारी, हा प्रश्न त्यांनी तेथे उभा केला. आणि त्याच्याही पुढे जाऊन, वीज हवी कशासाठी, हा प्रश्न विचारला. स्वस्त आणि मुबलक वीज असल्याशिवाय उद्योगीकरण नाही, आणि उद्योगीकरणाशिवाय शेतीवर कोंबलेल्या माणसांची दारिद्र्यातून सुटका नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या दृष्टीने वीज हे साध्य नव्हते, माणसाच्या सुटकेचे साधन होते. पुढे १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभे राहिले. दामोदर खोऱ्याच्या योजनेला त्यांनी गती दिली.

त्याच वर्षांत युद्धामुळे कोळशाची टंचाई होती. देशाला कोळसा हवा होता, जसे आज इथेनॉल हवे आहे. १९४३ च्या डिसेंबरमध्ये बाबासाहेब झरिया-धनबादच्या खाणींत गेले, खाली उतरले, कामगारांच्या वस्त्या पाहिल्या. १९४४ मध्ये कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतून बाहेर जाणाऱ्या कोळशावर टनामागे उपकर आणि त्यातून घरे, दवाखाने, पाणी. १९४७ मध्ये त्याचा कायदा झाला. त्या निधीने खाण कामगाराचे सगळे प्रश्न सुटले असे मी म्हणणार नाही. पण एक तत्त्व प्रस्थापित झाले : इंधन वापरणाराने ते काढणाराच्या जगण्याचा खर्च उचलला पाहिजे, आणि तो इंधनाच्या भावातच दिसला पाहिजे. कोळशाला जे लागू केले ते इथेनॉलला का नको? कोळसा काळा म्हणून त्याच्या कामगाराची काळजी आणि इथेनॉल स्वच्छ म्हणून त्याच्या कामगाराची विस्मृती, असा हा उलटा न्याय आहे.

ब्राझीलचे दोन धडे

आपल्या आधी ब्राझील या वाटेने गेला. १९७३ च्या तेलसंकटानंतर, १९७५ साली, तेथील लष्करी राजवटीने उसाच्या अल्कोहोलवर गाड्या चालवण्याचा कार्यक्रम हाती घेतला. ऊस वाढला, आसवन्या वाढल्या. साओ पावलो प्रांतात तोडणारा एका वेळी पाच ओळी तोडत असे. मालकांनी सात ओळींची पद्धत आणली. आणखी दोन ओळी म्हणजे मोळी वाहायचे अंतर वाढले, श्रम वाढले, मजुरी तीच. मे १९८४ मध्ये ग्वारिबा या गावी तोडणी कामगारांनी संप केला. पोलिसांशी झटापट झाली, पण पाच ओळी परत आल्या आणि मजुरीचा लेखी करार झाला. संघटित झाले तर तोडणारेही इंधनधोरणात शिरू शकतात, हा पहिला धडा.

दुसरा धडा कडू आहे. फड पेटवून ऊस तोडल्याने होणाऱ्या धुराविरुद्ध साओ पावलोने २००२ मध्ये कायदा केला. जाळणे टप्प्याटप्प्याने बंद व्हायचे ठरले. हवा स्वच्छ झाली ही चांगली गोष्ट. पण न जाळलेला ऊस हाताने तोडणे परवडेना, यंत्रे आली आणि तोडणारे बाहेर फेकले गेले. पर्यावरण सुधारले, माणूस मात्र हिशेबातून गेला. आपल्याकडेही २०२३ पासून ऊसतोडणी यंत्रासाठी खर्चाच्या चाळीस टक्के, जास्तीत जास्त ३५ लाख रुपये अनुदान देण्याची योजना आहे. यंत्राला माझा विरोध नाही. कोयत्याचे काम कोणाच्याही मुलाने करावे असे ते काम नाही. पण ३५ लाखांचे अनुदान घ्यायला उरलेले ६० टक्के ज्याच्याकडे आहेत तोच यंत्राचा मालक होणार. ज्यांचे काम जाणार त्यांच्या सहकारी संस्थांना ती यंत्रे का मिळू नयेत? ज्या सरकारने ऊस पिकवणाऱ्यांच्या सहकाराला भांडवल दिले, ते तोडणाऱ्यांच्या सहकाराला देऊ शकत नाही काय?

सूर्याचा प्रश्नही हाच

कोणी म्हणेल, इथेनॉल सोडा, सौर ऊर्जेकडे वळा. वळलेच पाहिजे, सूर्याला युरिया लागत नाही आणि कोयताही. पण सूर्याला जमीन लागते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत, २०२३ पासून तिच्या दुसऱ्या टप्प्यात, खाजगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे दिले जाते. आणि सरकारी, गायरान जमिनीही या प्रकल्पांसाठी घेतल्या जात आहेत. गायरान म्हणजे आपला इतिहास आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ चे भूमिहीनांचे सत्याग्रह याच पडीक, गायरान जमिनींसाठी झाले. १९७८ ते १९९० दरम्यानची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय १९९१ मध्ये झाला. तरीही हजारो कुटुंबांच्या नावावर सातबारा झालेला नाही. ज्याच्याकडे सातबारा आहे त्याला भाडे; जो दोन पिढ्या गायरान कसतो पण ज्याच्याकडे कागद नाही, त्याला नोटीस. इथेनॉलमध्ये श्रम हिशेबाबाहेर आहे, सौर ऊर्जेत जमीन. प्रश्न एकच.

काय मागायचे?

म्हणून कार्यकर्त्यांपुढे मी काही मागण्या ठेवतो. इथेनॉलच्या सरकारी खरेदी दरात लिटरमागे तोडणी कामगाराचा स्वतंत्र हिस्सा दाखवला जावा. तो शेतकऱ्याच्या एफआरपीतून नव्हे, तेल कंपनीच्या खरेदीतून यावा. म्हणजे शेतकरी आणि कामगार यांना एकमेकांविरुद्ध उभे करण्याची युक्ती संपेल. बाईची मजुरी तिच्या नावाने, तिच्या खात्यात जावी. प्रत्येक गाडीच्या वजनाची पावती कामगाराच्या हाती पडावी. ऊस दराच्या मंडळावर तोडणाऱ्यांचा प्रतिनिधी असावा. यंत्राचे अनुदान तोडणी कामगारांच्या संस्थांना आधी मिळावे. आणि गायरानावर सौर पट्ट्या बसवण्यापूर्वी कसणाऱ्याचा हक्क नोंदवून त्याला भाड्याचा वाटा द्यावा.

शिक्षकांना माझी वेगळी विनंती आहे. या हंगामात आपल्या गावाजवळच्या तळावर विद्यार्थ्यांना घेऊन जा. कोप्या मोजा, मुले मोजा, पाणी कुठून आणतात ते पाहा, आठवड्याचे वजन आणि आठवड्याचा हिशेब लिहून घ्या. मोठ्या संशोधनाची गरज नाही, वही-पेन पुरे. मुकादमाच्या वहीशेजारी आपलीही एक वही असली पाहिजे. दिल्लीत इथेनॉलचा पुढचा भाव ठरेल तेव्हा कारखानदार आपले आकडे घेऊन जातील, तेल कंपन्या आपले घेऊन जातील. तोडणाराचे आकडे कोणीतरी तयार ठेवलेले असावेत, आणि ते काम तालुक्याच्या कॉलेजांतून होऊ शकते. आमच्या पिढीला शिकायला मिळाले ते अशा कामासाठी उपयोगी पडले नाही, तर त्या शिक्षणाचा आपल्या माणसांना काय लाभ?